बोलणाऱ्या इंजिनांची खरी हकीकत

बोलणारे प्राणी आपल्याला नवीन नाहीत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे इराणमार्गे अरबीत पोहोचले आणि आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांच्या लेखणीतून ‘कलीला व दिमना’ झाले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या वर्गात हे दोघे दोन्ही नावांनी येतात. इतक्या शतकांत किती मुलांनी त्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील! पण ‘दमनक म्हणजे नेमका कोणता कोल्हा? त्याचा फोटो दाखवा’, असे अजून एकाही मुलाने मला विचारलेले नाही.

इंजिनांच्या गोष्टींचे तसे नाही. इंजिन बोलायला लागले की मूल लगेच विचारते, हे कुठले? किती चाकांचे? अजून चालते का? इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने या प्रश्नांना टाळले नाही. तीस वर्षे तो त्यांची उत्तरे देत राहिला. त्याचे नाव विल्बर्ट ऑड्री. त्याचा टॉमस नावाचा निळा, सहा चाकी इंजिनाचा पोर आज जगभर ओळखीचा आहे. आपल्याकडेही दप्तरांवर, डब्यांवर, वाढदिवसाच्या केकवर तो दिसतो. टीव्हीवरचा टॉमस १९८४ सालचा. मूळ पुस्तके त्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्यांच्यामागची हकीकत टीव्हीत फारशी उरलेली नाही. ती सांगण्यासाठी हा लेख.

ऑड्रींचा जन्म १९११ चा. वडीलही पाद्री आणि रेल्वेचे वेडे. विल्बर्ट लहान असताना हे कुटुंब विल्टशरमधल्या बॉक्स या गावी राहायला गेले. घरापासून जवळच ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मुख्य मार्ग आणि प्रसिद्ध बॉक्स बोगदा. बोगद्याकडे जाताना चढ लागतो. रात्री जड मालगाडी आली की ती चढाच्या पायथ्याशी थांबून शिटी वाजवायची आणि मागून रेटा द्यायला दुसरे इंजिन यायचे. आपल्याकडे कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटातून प्रवास केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गाडीच्या मागे लागणारे ते ‘बँकर’ आपण पाहिलेले असते, कर्जतला त्याच्यासाठी गाडी थांबते तेव्हा वडापावही खाल्लेला असतो. फरक एवढाच की आपले बँकर आता विजेवर चालतात आणि गुपचूप काम करतात. वाफेचे इंजिन मात्र बोलत असे. पुढचे इंजिन दमून, थांबून थांबून धापा टाकायचे, मागचे छोटे इंजिन भराभर फुसफुसायचे. अंथरुणात पडलेल्या मुलाला त्या आवाजांत संभाषण ऐकू येऊ लागले. एक कुरकुर करतेय, दुसरे धीर देतेय.

पुढे तोच मुलगा बाप झाला. १९४२ मध्ये त्याच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, गोवर झाला. अंधाऱ्या खोलीत त्याला पडून राहावे लागले आणि बापाने त्याला इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. पहिल्या पुस्तकातली एक गोष्ट सरळ बॉक्सच्या चढावरची आहे: गर्विष्ठ गॉर्डन मालगाडी घेऊन चढावर अडकतो आणि ज्याची तो टिंगल करत असतो तो म्हातारा एडवर्ड त्याला मागून रेटून वर पोहोचवतो.

ही गोष्ट कुठल्या काळात, कुठल्या गावात सांगितली गेली, तेही पाहायला हवे. गाव बर्मिंगहॅम, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जर्मन विमाने त्या शहरावर बॉम्ब टाकून गेलेली. आणि ऑड्री युद्धाच्या विरोधातले, कुठल्याही माणसाला मारणे आपल्या धर्मात बसत नाही असे उघडपणे मानणारे. त्यापायी त्यांच्या हातची नोकरी गेली होती. देश युद्धात असताना असे बोलणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. बर्मिंगहॅमचे बिशप बार्न्स स्वतः शांततावादी होते, म्हणून १९४० मध्ये तिथे आसरा मिळाला. पुस्तकांत याचा कुठे उल्लेख नाही. पण त्या जगात शत्रू म्हणून कुणी नाही. कुणी चुकतो, कुणी गुर्मी करतो, शिक्षा भोगतो आणि पुन्हा कामावर येतो.

आता खऱ्या-खोट्याचा मुद्दा. तो पहिला काढला ख्रिस्तोफरनेच. काल सांगितलेली गोष्ट आज सांगताना एखादा तपशील बदलला की तो बापाला अडवायचा. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला हा छळ माहीत आहे. ऑड्रींनी त्यावर उपाय म्हणून चर्चच्या जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गोष्टी लिहून ठेवल्या. मग पत्नी मार्गारेट मागे लागल्या की हे छापायलाच हवे. १९४५ मध्ये ‘तीन रेल्वे इंजिने’ हे पुस्तक आले आणि १९४६ मध्ये टॉमसचे. १९७२ पर्यंत ऑड्रींनी अशी २६ छोटी पुस्तके लिहिली. पुढे १९८३ पासून ख्रिस्तोफरने ती मालिका चालवली.

पुस्तके छापली गेली आणि एका ख्रिस्तोफरच्या जागी हजारो ख्रिस्तोफर आले. रेजिनाल्ड डॅल्बी हे चित्रकार रंग फार सुंदर भरत, पण चाके मोजत नसत. हेन्री कधी एका आकाराचा तर कधी दुसऱ्या. हेन्री आणि गॉर्डन इतके सारखे दिसू लागले की मुलांची पत्रे येऊ लागली. ऑड्री वैतागले. शेवटी त्यांनी हेन्रीचा निकाल गोष्टीतच लावला. १९५१ च्या पुस्तकात हेन्रीला मोठा अपघात होतो, त्याला दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवतात आणि तो नवीन आकार घेऊन परत येतो. हा नवीन आकार कुणाच्या कल्पनेतला नव्हता. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेवर स्टॅनियर यांच्या आराखड्याची ‘ब्लॅक फाइव्ह’ नावाची दणकट इंजिने सर्वत्र धावत होती, हेन्री त्यांच्यातला एक झाला. म्हणजे चित्रकाराची चूक निस्तरायला लेखकाने इंजिनाचा अपघात घडवला आणि त्या निमित्ताने त्याला खरे शरीर दिले. डॅल्बींशी मात्र शेवटपर्यंत जमले नाही. छोट्या हिरव्या पर्सीचे चित्र पाहून ऑड्रींनी त्याला लाल पट्ट्यांचा हिरवा सुरवंट म्हटले, आणि १९५६ नंतर चित्रकार बदलले.

हेन्रीच्या अपघाताचे वर्णन वाचताना मला जाणवले की हा माणूस अपघातही मनाने रचत नाही. बर्फाची रात्र, मासे घेऊन जाणारी गाडी. सिग्नलवर बर्फ साचून त्याचा दांडा वजनाने खाली येतो आणि रस्ता मोकळा असल्याचे दाखवतो. हेन्री वेगात येतो आणि उभ्या मालगाडीवर आदळतो. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे अगदी असाच घात झाला होता. बर्फाने सिग्नल ‘मोकळा’ या स्थितीत अडकून राहिले, एक एक्स्प्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर दुसरी गाडी. माणसे गेली. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेने एक साधा पण फार मोठा नियम बदलला: सिग्नल एरवी मोकळा ठेवून धोका असेल तेव्हा बंद करण्याऐवजी, तो एरवी बंद ठेवायचा आणि खात्री झाल्यावरच मोकळा करायचा. आज आपण लोकलमध्ये लाल सिग्नलला कंटाळून उभे असतो तेव्हा त्या लाल दिव्यामागे असे जुने मृत्यू असतात.

दुसरा किस्सा. टॉमसने मनाई असलेल्या रुळांवर जाण्याचा आगाऊपणा केला आणि खालची जमीन खचून तो जुन्या खाणीत पडला, अशी १९५३ च्या पुस्तकातली गोष्ट आहे. गॉर्डन येऊन त्याला ओढून काढतो, दोघांची दोस्ती होते. मुलांना वाटते, काय पण गंमत! पण २२ सप्टेंबर १८९२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या लिंडाल इथे फर्नेस रेल्वेचे ११५ क्रमांकाचे इंजिन असेच जमिनीत गेले होते. त्या भागात लोखंडाच्या खनिजासाठी खाली पोखरून ठेवले होते. टेंडर वर काढता आला, इंजिन मात्र खाली खाली जात राहिले. ते आजही तिथेच पुरलेले आहे. त्याला ओढून काढायला कुणी गॉर्डन आला नाही.

इथे एक प्रसंग सांगते. एका पालकसभेत एक वडील मला म्हणाले, “टीचर, इंजिन कधी बोलतं का? गाढव बोलतं, इंजिन बोलतं, चंद्राला मामा म्हणायचं. मुलांना हे खोटं शिकवायचं कशाला?” त्यांच्या स्वरात भांडण नव्हते, काळजी होती. खोटे बोलू नकोस असे घरी बजावायचे आणि शाळेने धड्यात खोटे वाचायला द्यायचे, हे त्यांना पटत नव्हते. आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यांना कलीला-दिमनाचे उदाहरण दिले. ते त्यांना मान्य झाले, पण इंजिनाचे झाले नाही. “ते बोधासाठी आहे,” ते म्हणाले, “हे नुसतं कार्टून.” तेव्हापासून मी ऑड्रींची माहिती जमवू लागले. त्यांचे म्हणणे साधारण असे होते की रेल्वेवर जे घडू शकत नाही ते माझ्या गोष्टीत घडणार नाही. इंजिनाला चेहरा आणि जीभ दिली, पण त्याला रूळ सोडून उडता येणार नाही. ड्रायव्हर आणि फायरमनशिवाय त्याला हलता येणार नाही. हेन्री आजारी पडतो कारण त्याची भट्टी लहान आहे आणि साध्या कोळशावर पुरेशी वाफ धरत नाही. मग त्याला वेल्सचा उत्तम कोळसा देतात आणि तो बरा होतो. वेल्सच्या कोळशाची ती ख्याती अगदी खरी होती. त्या वडिलांना मी नंतर हे सगळे सांगितले. ते म्हणाले, मग हे विज्ञानात शिकवा ना.

गोष्टीतल्या बेटाचीही अशीच कथा. १९५० मध्ये ऑड्री आयल ऑफ मॅन या बेटावर गेले असताना त्यांच्या लक्षात आले की तिथल्या बिशपला ‘सोडोर आणि मॅन’चे बिशप म्हणतात. मॅन तर समोर आहे, मग सोडोर कुठे? हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ ‘दक्षिणेची बेटे’. बेटे हातातून गेली आणि पदवीत नाव तेवढे राहिले. मालक नसलेले हे नाव ऑड्रींनी उचलले आणि इंग्लंडचा किनारा व मॅन यांच्यामधल्या समुद्रात सोडोर बेट वसवले. भाऊ जॉर्ज यांच्यासोबत त्याचा नकाशा, डोंगर, नद्या, राजे, बोली, सगळे तयार केले. १९८७ मध्ये त्याचे स्वतंत्र पुस्तकही निघाले. पाहुणे इंजिन आले तर कुठल्या स्टेशनातून येईल, एवढेही त्यात पक्के होते.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती वेल्समधल्या टालिल्लिन रेल्वेची गोष्ट. स्लेटच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेली ही अरुंद रुळांची रेल्वे, रुळांतले अंतर जेमतेम सव्वादोन फूट. १९४६ मध्ये खाण बंद पडली, १९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स वारले. रेल्वे भंगारात जाणार हे नक्की होते. टॉम रोल्ट या लेखकाने बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली आणि १९५१ पासून हौशी माणसांनी, बिनपगारी, ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. ऑड्री १९५२ मध्ये तिथे गार्ड म्हणून काम करायला गेले. एकदा त्यांनी गार्ड या नात्याने गाडी सोडली आणि खाण्याचा स्टॉल चालवणाऱ्या बाई मागेच राहिल्या. हा प्रकार १९५५ च्या पुस्तकात जसाच्या तसा आला आहे, फक्त गोष्टीत घाई पीटर सॅम नावाच्या इंजिनाला झालेली आहे.

टालिल्लिनच्या पहिल्या चार इंजिनांचे सोडोरवर चार जुळे आहेत. १८६४ चे ‘टालिल्लिन’ म्हणजे गोष्टीतला स्कारलोई, १८६६ चे ‘डोल्गॉख’ म्हणजे रेनियस. बंद पडलेल्या शेजारच्या कोरिस रेल्वेकडून विकत घेतलेली दोन इंजिने म्हणजे सर हँडल आणि पीटर सॅम. आता जुळेपणा कसा, तेही पाहा. जुने रूळ बाजूला सरकून अंतर वाढले होते आणि कोरिसहून आलेल्या ‘सर हेडन’ची चाके अरुंद, म्हणून ते रुळांच्या मध्ये घसरायचे. गोष्टीत सर हँडलच्या बाबतीत हेच होते, मग त्याला रुंद चाके बसवतात आणि बाकीचे त्याला रस्त्यावरचा रोलर म्हणून चिडवतात. चौथ्या इंजिनाला १९५८ मध्ये ऑस्ट्रियाच्या गीझल या इंजिनिअरच्या पद्धतीचे चपटे, लांबट धुराडे बसवले. गोष्टीत पीटर सॅमला तसेच विचित्र धुराडे मिळते, सगळे हसतात, आणि नंतर कळते की त्याने कोळसा कमी लागतो. १९५१ च्या त्या पहिल्या हंगामात बाकीची तिन्ही इंजिने निकामी होती. पंच्याऐंशी वर्षांच्या, खिळखिळ्या झालेल्या ‘डोल्गॉख’ने एकट्याने गाड्या ओढल्या. ते बंद पडले असते तर रेल्वेही बंद पडली असती. ऑड्रींनी त्यावर ‘शूर म्हातारे इंजिन’ लिहिले. प्रवाशांनी भरलेली गाडी घेऊन रेनियस वाटेत अडतो, तरी शेवटच्या स्टेशनापर्यंत पोहोचतो. स्वयंसेवकांच्या सोसायटीच्या अहवालात हे दोन ओळींत आले असते. मुलांच्या पुस्तकात आल्यामुळे ते अजून वाचले जाते.

कधी ऑड्रींनी दुःख थोडे कमीही केले. स्नोडन पर्वतावरची दातेरी रुळांची रेल्वे ६ एप्रिल १८९६ ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी १ क्रमांकाचे ‘लाडास’ हे इंजिन उतारावर रुळांवरून निसटून दरीत गेले. डब्यांचे ब्रेक लागले, पण घाबरून उडी मारलेला एक प्रवासी दगावला. १९६४ च्या पुस्तकात गॉड्रेड नावाच्या १ क्रमांकाच्या इंजिनाचे हेच होते. तिथे माणूस मरत नाही. पण इंजिन वाचवलेलेही नाही. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून ते शेडच्या मागे पडून राहते आणि त्याचे एकेक भाग काढून इतर इंजिनांना लावतात, शेवटी काहीच उरत नाही. मुलांच्या पुस्तकात इतके कठोर पान मी क्वचितच वाचले आहे.

हे पान लिहिले गेले तेव्हा ब्रिटनभर तेच चालू होते. १९५५ मध्ये तिथल्या रेल्वेने वाफ हटवून डिझेल आणि वीज आणण्याची योजना जाहीर केली होती. शेवटचे वाफेचे इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, मार्च १९६० मध्ये कारखान्यातून बाहेर पडले आणि १९६५ मध्ये सेवेतून काढलेसुद्धा. पाच वर्षांत! ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. त्याच वर्षी ऑड्रींचे जे पुस्तक आले त्यात ऑलिव्हर नावाचे छोटे इंजिन भंगारातून पळते. एक डबा आणि एक ब्रेकव्हॅन सोबतीला. सिग्नल केबिनमधली ओळखीची माणसे त्यांना रात्री लपतछपत पुढे सरकवतात, आणि शेवटी सोडोरचा डग्लस त्यांना सीमेपलीकडे नेतो. युद्धकाळातल्या निर्वासितांची गोष्ट वाचतोय असे वाटते. युद्धाला नकार दिलेल्या माणसाने ती लिहिली आहे, हे आठवले की अधिकच.

त्याच पुस्तकात सोडोरवर एक पाहुणा येतो, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. हे १९२३ चे खरे इंजिन. १९६३ मध्ये रेल्वेने काढून टाकल्यावर ॲलन पेग्लर यांनी विकत घेऊन वाचवलेले. त्याच्या मागे तेव्हा दोन टेंडर असत, पाण्यासाठी, कारण वाटेतली पाणी भरण्याची ठिकाणे बंद होत चालली होती. पुस्तकातही दोन टेंडर आहेत. गॉर्डन त्याच घराण्यातला. त्याला आपल्या भावांची खबर हवी असते. खरी खबर अशी की त्या वर्गातली बाकीची सगळी इंजिने तोडली गेली होती, एक हेच राहिले होते. ऑड्रींनी ही खबर मुलांपासून लपवली नाही.

सगळेच मला आवडते असे नाही. मालाचे डबे नेहमी खोडकर आणि नालायक, त्यांना धक्के देऊन सरळ करायचे, हा न्याय वर्गात मुलांपुढे वाचताना मी अडखळते. इंजिने जवळजवळ सगळी पुरुष, आणि मागून निमूट ओढले जाणारे प्रवासी डबे तेवढे बायका! हेन्रीला पावसात जायला नको म्हणून बोगद्यात विटांनी कोंडून ठेवण्याची शिक्षा तर भयंकरच आहे. टीव्हीवाल्यांनी पुढे मुली आणल्या. २०१६ मधल्या चित्रपटात आशिमा नावाचे भारतीय इंजिन आहे, तेही उगाच रंगवलेले नाही. निलगिरी पर्वतरेल्वेची स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, दातेरी रुळांवर चढणारी ‘एक्स’ वर्गाची इंजिने पाहिली तर आशिमा लगेच ओळखू येते.

निलगिरीचे नाव निघाले की आपल्याला माथेरान आठवणारच. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार इंजिने आली. नेरळच्या वळणांवर वळता यावे म्हणून त्यांचे आस बाजूला सरकू शकतील असे केलेले होते. त्यांतले एक आज इंग्लंडमध्ये आहे, लेटन बझर्ड या गावच्या छोट्या रेल्वेवर. टालिल्लिनसारखीच तीही हौशी माणसांनी चालवलेली. नाव विचाराल तर ७४०. नुसता आकडा.

आता टॉमस. त्याचा खरा जुळा कोण, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत विचित्र आहे. ऑड्रींनी मुलासाठी लाकडाचे छोटे इंजिन केले होते, तोच टॉमस. त्यामागे विशिष्ट वर्गाचे इंजिन नव्हते. ते आले चित्रकार रेजिनाल्ड पेन यांच्याकडून. त्यांनी १९४६ च्या पुस्तकासाठी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे ‘ई-२’ वर्गाचे इंजिन समोर ठेवले. लॉसन बिलिंटन यांच्या आराखड्यावर १९१३ ते १९१६ या काळात अशी फक्त दहा इंजिने बांधली गेली. शेवटच्या पाचांच्या पाण्याच्या टाक्या पुढे लांबवलेल्या होत्या, टॉमस त्यांच्यासारखा दिसतो. इंजिने तशी सामान्य. कोळसा ठेवायची जागा कमी, म्हणून लांबच्या गाड्यांना उपयोग नाही. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायचे, पुढे साउदॅम्प्टनच्या गोदीत तेच. त्यांच्यासाठी सभा भरली नाही, वर्गणी जमली नाही. १९६१ ते १९६३ या काळात दहाच्या दहा भंगारात गेली. तेव्हा टॉमसची पुस्तके घराघरांत होती.

त्याच सुमारास ब्लूबेल रेल्वेने १८७५ चे ‘स्टेप्नी’ हे छोटे इंजिन वाचवले. ऑड्रींनी १९६३ मध्ये त्याच्यावर आख्खे पुस्तक लिहिले आणि मुले ते पाहायला आईबापांना घेऊन जाऊ लागली. टॉमससारखाच मुलांचा लाडका टोबी, चौकोनी लाकडी पेटीसारखा दिसणारा, पूर्व इंग्लंडमधल्या विस्बेक-अपवेल ट्रामवेवर आणि यार्मथच्या धक्क्यावर चालणाऱ्या इंजिनांचा जुळा. त्या वर्गाचेही एकसुद्धा उरले नाही, १९५५ पर्यंत सगळी गेली.

पीटरबरोमध्ये साखरेच्या कारखान्यात १९४७ चे एक निळे शंटिंग इंजिन होते, हड्सवेल क्लार्क कंपनीचे. ‘ई-२’शी त्याचे नाते एवढेच की तेही छोटे आणि सहा चाकी. मुले त्याला टॉमस म्हणू लागली. १९७१ मध्ये ऑड्री स्वतः तिथे गेले आणि त्यांनी त्याला ते नाव रीतसर दिले. नीन व्हॅली रेल्वेवर ते आजही आहे. इतर अनेक जतन केलेल्या रेल्वेही वर्षातले काही दिवस एखाद्या इंजिनाला निळा रंग आणि गोल चेहरा लावून ‘टॉमसचा दिवस’ करतात. त्या दिवसांच्या तिकिटांतून बाकीच्या जुन्या, चेहरा नसलेल्या इंजिनांच्या बॉयलरची दुरुस्ती होते.